जागा

पवई तलावावर गळ टाकून बसणाऱ्या माणसाला 'काय मिळालं?' असं कधी विचारू नये. ते पगार विचारण्यासारखं आहे. विचारायचंच तर 'आज कुठं बसलात?' असं विचारावं. उत्तर याचंही मिळत नाही, पण माणूस खूश होतो.

आमच्या इमारतीतले काका या जातीचे. दर रविवारी पहाटे पाचला ते घरातून निघतात. काखेत छत्रीची लांबुडकी पिशवी, तिच्यात घडीची दांडी. आपण कुठं चाललोय हे सोसायटीत कुणाला माहीत नाही अशी त्यांची ठाम समजूत आहे. भर एप्रिलात छत्री घेऊन निघालेल्या माणसाकडे बघून दुधवालासुद्धा विचारतो, "काका, आज रोहू की कटला?"

निघण्याच्या आदल्या रात्री काकूंच्या स्वयंपाकघराचा ताबा काकांकडे. कणीक, शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर हिंग आणि आणखी एक काहीतरी, जे घालताना ते आमच्याकडे पाठ करतात. मग ते मळणं! तळहाताच्या टाचेनं रेटून, पाण्याचा हबका मारून, पुन्हा रेटून. गोळा बोटाला चिकटता कामा नये आणि पाण्यात विरघळता कामा नये. "लग्नाला चौतीस वर्षं झाली," काकू मला म्हणाल्या, "माझ्यासाठी एक पोळी लाटली नाही यांनी. आणि अहो, झालं असेल तर परात घासून ठेवा. हिंगाचा वास उद्याच्या शिऱ्याला लागतो."

मासे धरणं ही काकांच्या मते किरकोळ गोष्ट आहे. कटला वरचं खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचं. एवढं कळलं की झालं. खरी विद्या म्हणजे पाण्यापर्यंत पोचणं. मुंबईचे तलाव ते या एकाच अंगानं शिकवतात. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्हींचं पाणी मुंबई आजही पिते, म्हणून तिथं तुम्हाआम्हाला मज्जाव. पवई १८९० च्या सुमाराला बांधला, पण त्याचं पाणी पिण्याच्या परीक्षेत नापास झालं. "हुशार पोरं परदेशी जातात," काका म्हणतात, "नापास झालेलाच शेवटी आईबापाजवळ राहतो. पवई तसा आपला."

आपला म्हणजे किती आपला, हे काठावर गेल्यावर समजतं. एका बाजूला आयआयटी. त्या काठावर बसायचं तर आधी देशातली अवघड प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि काकांचं गणित कच्चं. पलीकडे पंचतारांकित हॉटेल. तिथं पाणी बघायला खोली घ्यावी लागते. गळवाल्यांची जुनी संघटना आहे, महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन. सभासद होऊन रीतसर बसावं, हा सरळ मार्ग. पण "तिथं जागा कुणालाही माहीत असते," हा काकांचा त्यावरचा आक्षेप. यावर काय बोलणार?

राहता राहिला रस्त्याकडचा काठ. तिथं कठडा, फेरफटकावाले, गणेश घाट, सेल्फीवाले आणि शिट्टीवाला सुरक्षारक्षक. या सगळ्यांतून वाट काढून पाण्याशी पोचावं, तर पाणीच नाही! जलपर्णी. काठापासून पंधरा-वीस फूट हिरवंगार. गळ टाकला की तो तलावात न पडता शेतात पडतो. त्यापलीकडे कुठं मोकळं पाणी चमकलंच, तर तिथं मगर ऊन खात पडलेली. मगरीबद्दल मात्र काका कधी वाईट बोलत नाहीत. "तिच्यामुळे माझ्या जागेवर गर्दी होत नाही."

तलावाकाठी सायकल ट्रॅक होणार अशी बातमी आली, तेव्हा काकांचं वजन उतरलं. दगड पडू लागले तसं जेवणही. २०२२ साली उच्च न्यायालयानं ते काम बेकायदा ठरवलं, त्या संध्याकाळी त्यांनी मजल्यावर पेढे वाटले. निसर्गासाठी, असं म्हणाले. मग तो निकाल कुठूनसा मिळवून चष्मा लावून वाचत बसले. गळवाल्यांचा उल्लेख कुठं आहे का, ते शोधत होते.

जुलैत तलाव भरून वाहू लागतो. क्षमता ५४५ कोटी लिटर, असं महापालिका दरवर्षी न चुकता कळवते. वाहत्या पाण्याकडे पोरं जाळी, मच्छरदाणी, मिळेल ते घेऊन धावतात. काका त्या दिवशी घरी. "मासा आपण होऊन बाहेर आला, यात माझं काय?"

एकदा त्यांनी मला बरोबर नेलं. का, ते माहीत नाही. बहुधा पिशवी जड झाली होती. कुठं नेलं ते सांगत नाही, शपथ घातली आहे. चिखल होता, शेवाळलेला दगड होता आणि एक वंचक बगळा आमच्या आधीच येऊन बसला होता. काकांनी त्याला नमस्कार केल्यासारखी मान हलवली. कणकेतून बोराएवढा गोळा तोडला, ओल्या अंगठ्यानं गळाच्या टोकावर असा दाबला की लोखंड दिसेना. मोरपिसाचा देठ पाण्यात उभा राहिला. आम्ही दोन तास त्या देठाकडे बघत होतो. बोलायचं नाही, खोकायचं नाही.

देठ थरथरला. आडवा झाला. काकांनी मनगटाला झटका दिला आणि तळहाताएवढी चिलापी तडफडत वर आली.

"चिलापी!" काका तोंड कडू करून म्हणाले. "आफ्रिकेतली. १९५२ साली आणली आपल्या देशात. हिला आख्खा तलाव मिळाला, आणि मी बघ, इथं एका ढुंगणावर बसलोय."

चिलापी बगळ्याकडे गेली. त्यानं ती हवेतच झेलली. सराव दिसत होता.

मी आठवण म्हणून एक फोटो काढला. काका, दांडी, मागे धुक्यातलं पाणी. छान आला होता. काका काही बोलले नाहीत. रात्री पावणेबाराला त्यांचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"झोपलास का रे? त्या फोटोत माझ्या मागं तो वाकडा खांब आलाय का?"

"आलाय थोडासा."

"मग माझं तोंड राहू दे," काका म्हणाले, "खांब काप."