कुंपणाची क्षुधा

कुंपणाने शेत खाल्ल्याच्या कैफियती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतात; इंग्लंडात मात्र कुंपणाची क्षुधा अधिक उच्च कोटीची असून ते अधूनमधून विमान खाते. एखाद्या शेतकऱ्याच्या कुरणातले गवत कापून केलेली सातशे मीटरांची धावपट्टी, तिच्या अखेरीस काटेरी झुडपांची दाट रांग, अलीकडच्या टोकाला एका इंजिनाचे विमान, आणि आसने चार आहेत त्या अर्थी चौघांनी बसावे, टाकी आहे त्या अर्थी ती काठोकाठ भरावी, अशा निर्मळ तर्काने चालणारा हौशी वैमानिक, इतकी सामग्री जुळून आली की कुंपणाने केवळ प्रतीक्षा करावयाची.

हा वैमानिक अडाणी असतो असे मात्र कोणी समजू नये. जमीन सोडून पन्नास फुटांची उंची गाठण्यास चारशे मीटर पुरतात, हे त्याने विमानाच्या पोथीत पाहिलेले असते. पोथी खोटे बोलत नाही. ती फक्त कोऱ्या विमानाविषयी, कसलेल्या हाताविषयी आणि कोरड्या, टणक धावपट्टीविषयी बोलते. उरलेल्या प्रपंचाची तजवीज ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने एका चिमुकल्या पुस्तिकेत करून ठेवली आहे: गवत ओले असल्यास अंतर १.३ पट धरावे, हवा दहा अंशांनी अधिक तापली असल्यास १.१ पट, दोन टक्क्यांचा चढ असल्यास आणखी १.१ पट, आणि या सर्वांवर सुरक्षिततेखातर १.३३ पट. या पटींचा गुणाकार करावयाचा असतो, बेरीज नव्हे. आणि तो केला की चारशेचे आठशे सदतीस मीटर होतात. पण वैमानिकापाशी याहून श्रेष्ठ प्रमाण असते: गेल्या आठवड्यात येथूनच तर उडालो होतो! (त्या वेळी तो एकटा होता आणि गवत वाळलेले होते, ही बाब किरकोळ.)

अर्धी धावपट्टी सरेपर्यंत उड्डाणवेगाचा सत्तर टक्के भाग काट्यावर दिसला नाही तर मुकाट्याने थांबावे, असा जाणत्यांचा संकेत आहे; परंतु मागे बसलेल्या सासरेबुवांच्या देखत थांबणे म्हणजे अब्रूचा प्रश्न, म्हणून तो दांडी ओढतो. जमिनीलगत पंखांना होणारा हवेचा अवरोध घटत असल्यामुळे अपुऱ्या वेगातही विमान उचलले जाते. मात्र त्याहून वर चढण्याचे त्राण त्याच्यात नसते, आणि हातभर उंचीवरून तरंगत ते थेट झुडपांत शिरते.

चौघेही धडधाकट बाहेर पडले, तर पुढला पंचनामा मोठा सुखाचा. ज्याची परंपरा १९१५ पासून चालत आली आहे त्या अपघात-अन्वेषण खात्याचा बाणाच असा की दोष कोणाच्या माथी मारावयाचा नाही. आणि किरकोळ प्रकरणात तर वैमानिकाने स्वहस्ते भरून पाठविलेल्या नमुन्यावरच पुष्कळदा अहवाल सिद्ध होतो. साहजिकच त्यात वारा ऐनवेळी फिरलेला असतो, गवत वाटले त्याहून ओले निघालेले असते, इंजिनही त्या दिवशी जरा उदास भासलेले असते. आणि एकूण उड्डाणतासांच्या रकान्यात, आमचा अंदाज असा की, ते शेवटचे अर्धे मिनिटही जमेस धरलेले असावे.