दादा, रिपीटर बॅच

लातूरच्या ट्यूशन एरियात कुठलंही हॉस्टेल घ्या, जिन्याला लागून एक खोली असते आणि त्या खोलीत एक दादा असतो. त्याचं खरं नाव फक्त हॉलतिकिटावर छापलेलं. मेसच्या काकू त्याला दादा म्हणतात, अकरावीला नवी आलेली पोरं दादा म्हणतात आणि बापाच्या वयाचा घरमालकही दादाच म्हणतो, कारण इतका टिकलेला भाडेकरू त्याला दुसरा मिळालेला नाही. दादाच्या बरोबरचे काही एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला गेले, काही बी.फार्मला, एकदोघं सोयाबीनच्या अडतीवर बसले. दादा मात्र बायोलॉजी करतोय. आधी नीट परीक्षेला वयाची अट होती, तेव्हा घरच्यांना निदान एक आशा होती. २०२२ साली ती अट उठली. आता दादाला निवृत्ती नाही.

बायो म्हणजे एनसीईआरटी. बाकी सगळी जाडजूड पुस्तकं दादा अंगणवाडीत जमा करतो. अकरावीचं एक, बारावीचं एक, अशी दोन पुस्तकं. त्यांचं तो गुरुचरित्रासारखं पारायण करतो. अध्यायाचा क्रम मोडायचा नाही, आकृतीखालची बारीक अक्षरंही गाळायची नाहीत. पुस्तकाची पाठ खाकी टेपनं तीनदा बांधलेली. पहिल्या वर्षी त्यानं महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या, दुसऱ्या वर्षी राहिलेल्यांतल्या महत्त्वाच्या हिरव्या, तिसऱ्या वर्षी उरलेल्या गुलाबी. आता पान उघडलं की पांढरा राहिलेला शब्दच तेवढा डोळ्यात भरतो, आणि दादाला वाटतं, यंदा हाच विचारणार. समासात पेन्सिलनं साल लिहिलेलं असतं, कुठली ओळ कधी पेपरात येऊन गेली त्याचं. दोनदा येऊन गेलेल्या ओळीकडे तो जरा आदरानं बघतो.

नव्या पोराची दादाशी पहिली भेट ठरल्यासारखी होते. पोरगा बिचारा मेंडेल वाचत बसलेला असतो.

"काय वाचायलास?"

"मेंडेल, दादा. १८६६ ला त्याचा पेपर छापून आला..."

"कितीला?"

"सासष्ट. नेटवर बघितलं मी."

"येड्या, त्यानं पेपर वाचला पासष्टला, छापून आला सासष्टला, हे मलाबी माहिताय. पण पुस्तकात पासष्ट आहे ना? मग पासष्ट. सासष्टवर गोल केलास तर मेंडेल येणाराय का तुझे मार्क द्यायला?"

पोरगा सासष्ट खोडतो. त्याचं खरं शिक्षण इथून सुरू होतं.

मेंडेलवर दादाचा विशेष जीव. वाटाण्याच्या सात गुणांमुळे नाही, तर हा गृहस्थ स्वतः रिपीटर होता म्हणून. शिक्षकाच्या परीक्षेला १८५० मध्ये नापास, १८५६ मध्ये पुन्हा बसला, तेही तडीस गेलं नाही. संशोधनाची दखल १९०० साली घेतली गेली, तोवर माणूस जाऊन सोळा वर्षं झालेली. वडिलांचा फोन आला की दादा हे उदाहरण देतो. वडील ऐकून घेतात आणि विचारतात, "मंग तेचा खर्च कोण करायलतं?" मेंडेल मठात राहत होता, तिथं मेसचं बिल नव्हतं, हा मुद्दा दादाच्या बाजूचा नाही. तो रेंज गेल्याचं सांगतो.

पुस्तकावरच्या श्रद्धेची खरी कसोटी २०२४ च्या परीक्षेला लागली. त्या वेळी अभ्यासक्रम छाटला. आधी त्यात एका कीटकाच्या, म्हणजे कंसात झुरळाच्या, सगळ्या संस्था होत्या: पचन, श्वसन, रक्ताभिसरण, सगळं. झुरळ गेलं, त्याच्या जागी बेडूक आला. पण बदल केला तो फक्त कंसात. कंसाबाहेर 'कीटक' तसाच राहिला. छापून आलं: कीटक, कंसात बेडूक. पोरं खोखो हसली. दादा हसला नाही. त्यानं रात्रभर विचार केला आणि सकाळी चहाच्या टपरीवर निकाल दिला, "प्राणी म्हणून विचारला तर उभयचर. सिलॅबस म्हणून विचारला तर कीटक. प्रश्न नीट वाचायचा."

त्याच वर्षी फिजिक्सच्या एका प्रश्नाला आधी दोन उत्तरं बरोबर धरली गेली, कारण एक उत्तर जुन्या आवृत्तीतलं होतं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, एकच उत्तर ठरलं आणि ७२० पैकी ७२० वाले ६१ चे १७ झाले. तेव्हापासून दादा जुनी आवृत्ती रद्दीत घालत नाही. झुरळाचं प्रकरण त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गादीखाली ठेवलंय. खोलीतली जिवंत झुरळं मात्र तो चपलेनं मारतो. मारता मारता झुरळाच्या हृदयाचे तेरा कप्पे मोजून दाखवतो.

बेडकाचंही तसंच. जुलैत हॉस्टेलमागच्या डबक्यात रात्री बेडकं सुरू झाली की दादा मान वर न करता म्हणतो, "नर आहे. व्होकल सॅक." आणि खिडकी लावून घेतो, डिस्टर्ब होतं म्हणून. बेडूक पाणी पीत नाही, कातडीतून शोषून घेतो, ही ओळ त्याची लाडकी. ज्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावाला शोभेल असा हा प्राणी, असं तो म्हणतो आणि बादली नळाखाली लावतो.

लक्षात ठेवायच्या युक्त्या हे दादाचं स्वतःचं साहित्य. पेशीविभाजनाच्या त्या क्रमानं कित्येक पिढ्या रडल्या: लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकीटीन, डिप्लोटीन, डायकायनेसिस. दादानं एका ओळीत मिटवलं: लेले झोपले, पाटलांना डास डसले. शेजारच्या दोन हॉस्टेलांत ही ओळ चालते. दादाच्या तोंडून ती ऐकून पाठ केलेली एक मुलगी आज मुंबईला एमबीबीएस करतेय. निकालाच्या दिवशी तिचे वडील पेढे घेऊन आले होते. दादानं पेढा खाल्ला, अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं, "फिजिक्स किती पडले?"

कारण दुखणं तिथं आहे. बायो ९० प्रश्न, ३६० मार्क. दादाला ३४० च्या खाली कधी पडलेच नाहीत. केमिस्ट्री जेमतेम ओढून नेतो. फिजिक्सच्या १८० पैकी पडतात ते मार्क तो लिहून दाखवतो, तोंडानं उच्चारत नाही. उताराच्या फळीवरून ठोकळा घसरायला लागला की दादाही घसरतो. दर जूनमध्ये तो ठरवतो, यंदा फक्त फिजिक्स. सकाळी सहाला उठतो, ठोकळा काढतो, बाण काढतो. साडेसहाला बेचैन होतो. सातला "जरा मूड फ्रेश करू" म्हणून बायो उघडतो, ते रात्री मेसची घंटा होईपर्यंत. येत असलेलंच पुन्हा पुन्हा करण्यात जे सुख आहे, ते सोडायला फार मोठं मन लागतं. माझ्या ओळखीची अर्धी माणसं याच चालीनं संसार करतात, म्हणून मी दादाला काही बोलत नाही.

मे महिन्यात पेपर होतो. रविवार, दुपारी दोन ते पाच, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चप्पल, हातात पारदर्शक बाटली. केंद्राबाहेर दादा स्वतःचं सोडून दुसऱ्यांच्या आईबापांना धीर देत असतो: कडं काढा, ताईचे कानातले काढा, फोटो दुसरा आणलाय का? सेक्युरिटीवाले त्याला ओळखतात. एक चुकला म्हणजे पाच मार्क गेले, चार मिळायचे राहिले नि एक कापला, हा हिशेब तो आत जाईपर्यंत सांगत राहतो.

पेपर झाला की गावी. गावात त्याला केव्हाच डॉक्टर करून टाकलंय. ओट्यावर बसलेल्या आज्जीनं गुडघा पुढं केला, "बाळा, लई ठणकायलंय, बघ की."

दादानं गुडघा बघितला. "हिंज जॉइंट. सायनोव्हियल. अकरावीला आहे. वयानं इस्ट्रोजेन कमी होतं, हाडं ठिसूळ होतात. सांधा सुजला तर आर्थ्रायटिस, युरिक अ‍ॅसिडचे खडे झाले तर गाऊट."

"मंग करू काय?"

दादा गप्प झाला. मग म्हणाला, "आज्जी, चार ऑप्शन दे."

आज्जीनं दिले: विटेचा शेक, तिळाचं तेल, झंडू बाम, नाहीतर कंपाउंडरची सुई. दादानं बराच वेळ विचार केला. दोन पर्याय त्यानं बाद केले. उरलेल्या दोघांत काही ठरेना, तेव्हा निगेटिव्ह मार्किंग आठवून त्यानं प्रश्न सोडून दिला.