मापाचे यजमान

पुणे-ठाण्याच्या गृहसंकुलांत घरगुती मद्यपानाच्या बैठकीला कायद्याचे आणि शरीरशास्त्राचे अधिष्ठान देणारा जो एक गृहस्थ हमखास आढळतो, त्याला ‘मापाचे यजमान’ म्हणावयास हरकत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, ही गोष्ट बहुतेक पिणाऱ्यांच्या गावीही नसते; यांचा आजीवन परवाना मात्र शिधापत्रिकेच्या पिशवीत, प्लॅस्टिकचे वेष्टन घालून ठेवलेला असतो. व्हिस्कीसारख्या कडक मद्यासाठी राज्यात किमान वय 25 असल्याने पुतण्याने पेला पुढे करताच त्याच्या हाती कोकम सरबत येते, कारण त्याच्या बारशाच्या घुगऱ्या किती वर्षांपूर्वी खाल्ल्या, हे काका विसरलेले नसतात.

पेग, म्हणजे ओतण्याचे माप, लहान असल्यास 30 मिलिलिटरचा असतो. त्यात सुमारे 10 ग्रॅम शुद्ध मद्यार्क उतरतो आणि तो निपटण्यास यकृताला तासभर, कधी अधिकही, लागतो. म्हणून प्रत्येकाच्या पेगची वेळ भिंतीवरील दिनदर्शिकेत, दुधाच्या खाड्यांशेजारी, आद्याक्षरांसह टिपली जाते आणि महिनाअखेरीस गवळ्याचा हिशेब जुळता जुळत नाही. पोटात अन्न असल्यास मद्यार्क रक्तात सावकाश भिनतो, हे खरे असल्याने चखण्याच्या, म्हणजे पेल्यासोबतच्या तोंडीलावण्याच्या, जागी थालीपीठ आणि मटकीची उसळ येते. खारे दाणे तहान वाढवतात म्हणून ते वर्ज्य. दुसऱ्या पेगपर्यंत पाहुण्यांना ढेकर येऊ लागतात. हा सारा प्रकार कंटाळवाणा आहे, पण चुकीचा नाही, आणि पाहुण्यांची खरी अडचण तीच असते.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 185 प्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे दारातच गाड्यांच्या किल्ल्या गोळा होऊन देवघरात गणपतीमागे जातात. कॉफी मागणाऱ्यास कॉफी मिळते, किल्ली नाही, कारण कॉफीने झोप उडते, मद्यार्क नव्हे. एखादा हट्टाला पेटलाच, तर यजमानांच्या मातोश्री पारोशाने देवघरात पाऊल टाकू नये असे बजावतात. आणि रात्री गीझर बंद ठेवण्याची व्यवस्थाही त्यांच्याच हाती असते.