मंगळवार, अकरा वीस

भाची जेवताना म्हणाली, "मामा, मला ओई बदलायचंय." मला वाटलं, मोबाइलचं काहीतरी असेल. आमच्याकडे बदलायची म्हणून जी वस्तू निघते ती बहुधा मोबाइलचीच असते. म्हटलं, "बदल की. किती लागतील?"

"दोन क्रेडिट."

आमच्या घरात क्रेडिट म्हणजे उधारी, आणि उधारीचं नाव काढलं की माझा घास अडकतो. मग तिनं पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह. पंधरा तास वर्गात बसलं की एक क्रेडिट. ही बीएस्सीला, वनस्पतिशास्त्र घेऊन. आणि नव्या नियमाप्रमाणे ओई आपल्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. प्रवेशाच्या गर्दीत तिच्या वाट्याला वाणिज्य शाखेतला विम्याचा विषय आला होता. तिला हवी होती मोडी लिपी.

मोडी म्हटल्यावर मी विरघळलो. गावाकडच्या घरात माळ्यावर पणजोबांची पत्र्याची पेटी आहे आणि तीत मोडी कागदांची चळत. घरात कुणालाच त्यातलं एक अक्षर लागत नाही. त्यामुळे आपल्या घराण्याला कुठेतरी शंभर एकर इनाम होतं, यावर आम्हा सर्वांचा ठाम विश्वास आहे.

शिवाय विषय बदलण्याचा अनुभव माझ्या गाठीशी होता. १९८८ साली मी एफवाय बीएस्सी सोडून आर्ट्सला गेलो. उताराची वाट ती, तिथं कुणी अडवत नाही. आर्ट्समधून सायन्सला चढलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. वडील एवढंच म्हणाले, "एशियाडचं तिकीट काढून लाल डब्यात बसतोयस." अर्ज दोन ओळींचा होता. कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी तोही वाचला नाही. चष्म्यावरून माझ्याकडं पाहत "झेपलं नाही का?" असं विचारलं आणि शिक्का मारला. इतकं नेमकं समुपदेशन पुढं मला कुणी केलं नाही.

आता काळ उदार आहे. २०२० साली नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, २०२४-२५ पासून ते महाराष्ट्रातल्या साध्या संलग्न कॉलेजांतही पोचलं. एका वर्षानं बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथ्याला ऑनर्स. मधेच सोडून पुन्हा परतायचीही सोय. आमच्या वर्गातला एक जण एफवायनंतर घरच्या रसवंतीवर बसला, तेव्हा गावानं "पोरगं वाया गेलं" म्हटलं. आज त्यानं 'एक्झिट' घेतली असं म्हटलं असतं. पहिल्या वर्षाच्या ४४ क्रेडिटांवर चार क्रेडिटांचा कौशल्याचा अभ्यास जास्तीचा करावा लागतो; त्यात उसाचा रस धरला असता तर प्रमाणपत्र गल्ल्याच्या वर फ्रेम करून लावता आलं असतं.

ही क्रेडिटं बँकेत जमा होतात. थट्टा नाही, तिचं नावच अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. भाचीचं खातं मात्र उघडेना. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. संगणकाच्या मते या दोन वेगळ्या मुली होत्या, योगायोगानं एकाच दिवशी एकाच बापाच्या पोटी जन्मलेल्या. ते निस्तरायला आठवडा गेला.

ओई बदलायचा अर्ज चारपानी होता. जुन्या विषयाच्या सरांची सोडायला हरकत नाही, नव्या विषयाच्या मॅडमची घ्यायला हरकत नाही, मग विभागप्रमुख, समन्वयक, प्राचार्य. ठरलेलं लग्न मोडून दुसरीकडं जमवायलाही इतक्या जणांना विचारत नाहीत. मुदत सत्र सुरू झाल्यापासून पंधरा दिवस. कुठल्या विषयाला किती जागा उरल्यात ही यादी लागली चौदाव्या दिवशी, संध्याकाळी पाचला.

पंधराव्या दिवशी मीही गेलो. पाचही सह्या मिळाल्या, प्राचार्यांनी तर "अरे वा, मोडी!" असं म्हणून सही केली. राहिली फक्त खिडकी.

खिडकीतल्या मॅडमच्या टेबलाच्या काचेखाली वेळापत्रक होतं. त्यावर व्हाइटनरचे इतके थर चढले होते की मंगळवार बाकीच्या वारांपेक्षा जाड झाला होता. मॅडमनी त्याच्यावर बोट ठेवलं. "मोडी मंगळवारी अकरा वीसला. हिचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल मंगळवारी अकराला. होणार नाही."

"पण धोरणात तर—"

"धोरणात बसतं हो," मॅडम अगदी मायेनं म्हणाल्या, "मंगळवारात बसत नाही."

यावर काय बोलणार? दिल्लीपासून निघालेला एवढा मोठा कागद कुठंही न अडखळता इथवर आला होता.

आम्ही व्हरांड्यात आलो. भाची रडवेल्या आवाजात "मामा" म्हणाली आणि दोन माणसं वळली. एक मी, दुसरे बाकावर बसलेले शिपाई. कॉलेजात त्यांना सगळे मामाच म्हणतात.

"कुठली बॅच ताई तुझी?" त्या मामांनी विचारलं.

"ए."

"बी बॅचचं प्रॅक्टिकल गुरुवारी असतं. त्यातल्या एका पोरीची दर गुरुवारी एस.टी. चुकती. घ्या बदलून."

"त्याचा फॉर्म कुठं मिळेल?" मी विचारलं.

"त्याला फॉर्मच नाही."

म्हणजे नाही म्हणायलाही कुणाला जागा नव्हती. साटंलोटं दहा मिनिटांत जमलं. प्रयोगशाळेतल्या सरांनी हजेरीपटावर दोन नावं पेन्सिलीनं खोडली, वरखाली लिहिली, आणि खोडरबराची पूड फुंकून टाकली.

दिवाळीत आम्ही गावाला गेलो. भाचीनं पेटी ओट्यावर आणली. मोडीत आधी पानभर रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात, हे तिनं मला दोनदा दाखवलं. मग पहिला कागद उलगडून ती बोटानं वाचू लागली. आम्ही सगळे भोवती. आईनं तर इनामाच्या आशेनं चष्मा पुसून घेतला.

"आठ पायली... ज्वारी... उसनी घेतली," भाची म्हणाली. "समोरच्या वाड्यातून."

"परत केल्याचं?"

"या कागदात नाही." तिनं दुसरा उचलला. "ही पण ज्वारीच. यात गूळही आहे."

तिसऱ्यात फक्त गूळ होता.

समोरच्या वाड्यातले अण्णा एव्हाना चपला घालून रस्ता ओलांडत होते. "काय वाचन चाललंय एवढं?" त्यांनी लांबूनच विचारलं.

मी पेटीचं झाकण लावलं आणि वर बसलो. "अभ्यास," म्हटलं, "कॉलेजचा. दोन क्रेडिटं आहेत."