स्वस्तातला समुद्र

नव्या रायपुरात समुद्र सोडून सगळं आहे. सहापदरी रस्ते आहेत, त्यांवर अधूनमधून एखादी गाडीही दिसते. क्रिकेटचं भव्य स्टेडियम आहे, जंगल सफारी आहे, पुरखौती मुक्तांगण आहे आणि मंत्रालयाचं नाव चक्क महानदी भवन आहे. खरी महानदी सिहाव्याच्या डोंगरात उगम पावते, हिराकुडच्या धरणात थोडी रेंगाळते आणि पारादीपजवळ सागराला मिळते. तिकीट नाही, वेटिंग नाही. तिच्या नावाच्या इमारतीत दिवसभर फायली सरकवणारे आम्ही मात्र संध्याकाळी सेंध तलावाच्या काठी भुट्टा खात उभे राहतो आणि ‘काय वारा सुटलाय, अगदी चौपाटी!’ असं एकमेकांना बजावतो. छत्तीसगडला सात राज्यांच्या सीमा लागतात. समुद्राची एकही नाही.

तर या सुटीत बंदराचं शहर बघायचं ठरलं. ते मोठं हवं ही मुलाची अट, स्वस्त हवं ही माझी आणि तिथले संडास स्वच्छ हवेत ही बायकोची. तिन्ही अटी एका शहरात बसवणं हे आमच्या खात्यातल्या कुठल्याही निविदेहून अवघड होतं.

आईचा मुंबईवर जोर. ‘डोंबिवलीला मामा आहे. राहायचा खर्च शून्य.’ हे शून्य मी कागदावर मांडून पाहिलं. रायपूर-मुंबई अकराशे किलोमीटरच्या वर, म्हणजे जातायेताची चार तिकिटं. मामाकडे हात हलवत जाता येत नाही. मामींना कोशाची साडी, तीही चांप्याचीच, कारण गेल्या खेपेची ‘जरा पातळ’ होती. मामांना नगरीचा दुबराज तांदूळ, कारण ‘मुंबईत मिळतो त्याला काय वास तरी येतो का?’ मामांच्या नातवंडांना काहीतरी, आणि ते काहीतरी त्यांनी फोनवर आधीच सांगितलेलं. शिवाय लोकलने रोज डोंबिवली ते गेटवे. बेरीज झाली तेव्हा ताज हॉटेलात उतरणं फारसं महाग पडेल असं वाटेना. आईला कागद दाखवला. ‘माणसांची बेरीज करतोस?’ म्हणाली आणि पोथी उघडून बसली.

मग सल्ल्यासाठी चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ गाठलं. मंडळ 1935 सालचं. तिथल्या काही सल्ल्यांचं वयही तेवढंच असावं. एक काका म्हणाले, ‘विशाखापट्टण! सव्वापाचशे किलोमीटर. चार महिने आधी तिकीट काढा, स्टेशनातच रिटायरिंग रूम घ्या, हॉटेलचा प्रश्नच नाही.’ योजना बिनतोड होती. फक्त 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण चार महिन्यांऐवजी साठ दिवसांवर आलंय हे काकांपर्यंत पोचलं नव्हतं. आणि रिटायरिंग रूम मिळायला तिकीट पक्कं किंवा निदान आरएसी लागतं, आमचं वेटिंगवर. म्हणजे झोपायला खोली हवी असेल तर आधी गाडीत झोपायची सोय हवी.

दुसरे काका आतापर्यंत गप्प होते, ते एकदम इतिहासात शिरले, आणि खरं सांगायचं तर तिथेच माझं मत पक्कं झालं. विशाखापट्टणचं बंदर बांधण्यामागे आपल्याच जुन्या मध्यप्रांताचं मँगनीज होतं. नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यातली ही काळी माती जवळच्या रस्त्याने जहाजावर चढवायची होती. त्यासाठी पार्वतीपुरम ते रायपूर हा राहिलेला लोहमार्ग 1931 साली पुरा झाला आणि 1933 च्या ऑक्टोबरात ‘जलदुर्गा’ नावाचं पहिलं जहाज धक्क्याला लागलं. बंदराच्या तोंडाशी लाटा अडवायला भिंत हवी होती, तर साहेबाने दोन जुनी जहाजंच मुद्दाम बुडवून टाकली. काटकसर म्हणावी ती अशी! पुढे बैलाडिलाचं लोखंड आलं. त्याच्यासाठी बस्तरच्या डोंगरांतून किरंदुल ते कोत्तवलसा अशी स्वतंत्र लाईन टाकली. म्हणजे आमच्या मुलखातला दगडधोंडा इतकी वर्षं विशाखापट्टणला जाऊन तिथून जपान बघून आला, आणि माणसं सेंध तलावावर.

जायचं पॅसेंजरने ठरलं. वंदे भारत आहे. सकाळी निघून दुपारपर्यंत पोचवते. ती बायकोने परतीसाठी राखून ठेवली. ‘जाताना तुमची काटकसर, येताना माझी कंबर,’ असा तह झाला.

आता एक भौगोलिक पेच. रायपूरहून विशाखापट्टणला जाणारी गाडी आमच्या घराजवळच्या मंदिर हसौद स्टेशनवरूनच जाते. पण तिथे चढलं तर बसायला जागा मिळत नाही. जागा रायपूरला मिळते, जिथून गाडी सुटते. शिवाय 2025 पासून रायपूरला जाणारी मेमू नव्या रायपुरातून जाते, तिकीट अगदी किरकोळ. पण तिची वेळ आमच्या वेळेशी जुळेना. त्यामुळे पहाटे टॅक्सी करून उलट्या दिशेने रायपूर गाठलं. टॅक्सीचं भाडं चौघांच्या पॅसेंजरच्या तिकिटांहून जास्त झालं. गाडी सुटली, आणि थोड्याच वेळात खिडकीतून मंदिर हसौद आलं. ‘अहो, घरी जाऊन गॅस बंद केलाय का बघून यायचं का?’ बायकोने शांतपणे विचारलं.

प्रवासात विकत काही खायचं नाही, हा माझा नियम. आईने तो नको तितका मनावर घेतला होता. दशम्या, ठेठरी, खुरमी, तिळाची चटणी, दहीभाताचा डबा, लोणच्याची बरणी आणि बरणी फुटली तर म्हणून दुसरी बरणी. ही पिशवी उचलायला रायपूर स्टेशनवर हमाल करावा लागला होता. महासमुंदला दशम्या संपल्या. खरियार रोडला दहीभात. टिटलागढ हे ओडिशातलं उन्हासाठी नाव काढलेलं गाव; तिथे सगळेजण तहानेने व्याकूळ झाले, आणि आईने लोणचं पुढे केलं.

वाटेत एका लहानशा स्टेशनात आमची गाडी बाजूच्या रुळावर घेऊन उभी केली. समोरून मालगाडी धडधडत निघाली, दिशा आमचीच. मुलगा डबे मोजायला लागला आणि पन्नाशी ओलांडल्यावर विसरला. डब्यांत काय होतं दिसलं नाही, पण जे काही होतं ते आमच्या आधी बंदरावर पोचणार होतं. समोरच्या बाकावर ओडिशातल्या रायगड्याला उतरणारे एक गृहस्थ होते. ते म्हणाले, ‘साब, माल का किराया ज्यादा है.’ हे वाक्य आमच्या साहेबांनी फाईलवर लिहिलं असतं तर मी त्यावर तीन टिपणं जोडली असती.

रात्री पोचलो. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये बायकोने आधी संडास पाहिला, मग खोली, मग माझ्याकडे.

सकाळी रामकृष्ण बीच. समुद्र फुकट निघाला. वाळूवर चक्क एक पाणबुडी उभी आहे, ‘कुरसुरा’. 1969 साली नौदलात आली, 2001 मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी तिचं संग्रहालय झालं. निवृत्तीनंतर एका वर्षात दुसरी नोकरी. आमच्या खात्यात हे फक्त वरच्या साहेबांना जमतं. आत वाकून चालावं लागतं. पाइप, चक्र्या, एकावर एक फळ्यांच्या बिछान्यांची रांग. नौदलातून निवृत्त झालेला मार्गदर्शक सांगत होता, इथे सत्तरच्या वर माणसं दिवसेंदिवस पाण्याखाली राहायची. सगळे थक्क. बायकोने संडास किती होते ते विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर लॉजबद्दल पुन्हा तक्रार केली नाही. तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले.

दुपारी फिशिंग हार्बर. खरं बंदर परवान्याशिवाय बघता येत नाही, पण इथून पलीकडे क्रेनच्या माना दिसतात, आणि डॉल्फिन्स नोजचा डोंगर समुद्रात नाक खुपसून बसलेला. मी एका टोपलीपुढे उभा राहून सुरमईचा भाव विचारला. बाई म्हणाली, ‘वंजरम.’ मी म्हणालो, सुरमई. ती म्हणाली, वंजरम. आयुष्यभर रोहू-कटल्यावर वाढलेला माणूस मासळीत घासाघीस करतोय हे तिने माझ्या चेहऱ्यावरून ताडलं असावं. शेवटी तिने बोटांनी आकडा सांगितला, मी बोटांनी निम्मा सांगितला, आणि तिने टोपली झाकली.

परतीची वंदे भारत अगदी वेळेवर रायपूरला पोचली. घरी येऊन हिशेब मांडतोय तोच डोंबिवलीहून फोन. मामांना कुठूनसं कळलं होतं.

‘आम्हाला टाळून विशाखापट्टणला गेलात?’

मी टॅक्सीपासून हमालापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘बरं, ते जाऊ दे. पुढल्या महिन्यात आम्ही सगळे येतोय. नातवंडांना जंगल सफारी बघायचीय. हॉटेल-बिटेल बघू नकोस हं, राहायला तुम्ही आहातच. आणि दुबराज आणून ठेव, जाताना घेऊन जाईन.’