पाणी किती लागतं?

सोलापुरात कुठल्याही नव्या वस्तूचं स्वागत एकाच प्रश्नानं होतं: हिला पाणी किती लागतं? उजनी धरण काठोकाठ भरलं तरी आमच्या नळाला पाणी येणार काही दिवसांआडच. त्यामुळे वॉशिंग मशीनपासून नव्या सुनेपर्यंत सगळ्यांची परीक्षा याच विषयात होते. पाळीचा कप, म्हणजे योनीमार्गात बसवून पाळीचं रक्त झेलायचा मेन्स्ट्रुअल कप, या परीक्षेत पहिल्या वर्गात पास झाला. दिवसातून दोन-तीनदा रिकामा करायचा, तांब्याभर पाण्यात धुवायचा, परत बसवायचा. आजीच्या पिढीनं कापडाच्या घड्या धुण्यात बादल्याच्या बादल्या घालवल्या. त्या वाळत कुठे घालायच्या, तर साडीच्या आड, ऊन लागणार नाही अशा जागी. सोलापुरात उन्हाला काय तोटा! पण त्या कापडांच्या नशिबी तेही नव्हतं.

कप बघून मावशीचा पहिला प्रश्न मात्र पाण्याचा नव्हता. "अगं, आणि वर गेला म्हणजे? पोटात?" वर रस्ताच नाही, हे तिला पटवायला अर्धी दुपार गेली. योनीमार्गाच्या टोकाला गर्भाशयाचं तोंड असतं, आणि त्याचं छिद्र इतकं बारीक की कप तिथून पुढे जाऊच शकत नाही. फार तर जरा वर सरकतो. अशा वेळी घाबरायचं नाही. उकिडवं बसून हलका जोर केला की खाली येतो. उकिडवं बसायची सवय आपल्या बायकांना आहेच, विलायतेतल्या बायकांना ती योगाच्या क्लासात शिकावी लागते. काढताना देठ धरून ओढायचा नाही. बुडाशी चिमटीत दाबून आधी कडेची पकड सोडवायची, मग सावकाश बाहेर. देठ टोचत असेल तर कात्रीनं थोडा छाटावा. बसवताना कप दुमडावा लागतो, आणि या गावात चादरी दुमडण्यात ज्यांची हयात गेली त्यांना दुमडण्याबद्दल मी काय सांगणार! आत गेल्यावर मात्र तो पूर्ण उघडला पाहिजे. बोट फिरवून बघावं. घडी राहिली असेल तर गळणारच.

मावशीचा खरा विश्वास बसला नाही तो रक्ताच्या हिशेबावर. अख्ख्या पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे एक कटिंग चहासुद्धा भरत नाही, असं माझ्या डॉक्टरीणबाई सांगतात म्हटल्यावर ती म्हणाली, "तुझ्या डॉक्टरीणबाईला म्हणावं, माझी मोजून बघ." काहींना जास्त जातं, हे तिचं खरंच आहे. कप तासाभरात भरत असेल तर डॉक्टरकडे जावं.

ही वस्तू काही कालची नव्हे. लिओना चामर्स नावाच्या अमेरिकन अभिनेत्रीनं 1937 साली तिचं पेटंट घेतलं होतं. मग दुसरं महायुद्ध आलं, कपाला लागणारं रबर सैन्याकडे गेलं आणि कप मागे पडला. आता तो वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा मिळतो, चार-पाचशे रुपयांत, आणि नीट सांभाळला तर कित्येक वर्षं टिकतो.

घरातला खरा पेच पातेल्याचा. दर पाळीच्या आधी कप पाच मिनिटं उकळायचा असतो. उकळायचा कशात? मला वाटलं, आता विटाळापासून सुरुवात होणार. सासूबाईंनी चष्मा वर केला आणि निकाल दिला, "पातेलं वेगळं आण, त्याला खूण कर, आणि चहाच्या वेळेला गॅस अडवू नको." एवढंच. एक भर मी घालते: गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसू नये. पाणी आटलं की कप तळाला चिकटून जळतो, आणि तो वास लपवता येत नाही.

सोलापुरात कपाची गरज सर्वांत जास्त कुणाला असेल, तर विडी कामगार बायकांना, असं मला नेहमी वाटतं. सोलापूरजवळच्या कुंभारीत, गोदूताई परुळेकर वसाहतीत जाऊन बघा. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कातरलेली पानं आणि तंबाखू, दिवसभर एकाच बैठकीत. मजुरी हजार विड्यांवर. उठलं की हात थांबला. मे महिन्यात पारा 43-44 ला टेकलेला असताना पॅडवर असं बसून राहणं म्हणजे मांड्यांची सालं निघणं. कप आठ-बारा तास राहतो. केरळात अलप्पुळा नगरपालिकेनं 2019 साली पाच हजार कप वाटले होते. आमच्या महापालिकेनं तेवढे नाही तर निदान एका वसाहतीपुरते वाटावेत, आणि सोबत समजावून सांगणारी एक नर्स द्यावी. नुसता कप वाटला तर तो देवघराच्या फळीवर शोभेला राहील.

आता तो प्रश्न, जो बायका आधी दहा मिनिटं शेंगाचटणीबद्दल बोलून मग विचारतात. "काकू, तो आत असताना... म्हणजे हे जवळ आले तर?" नेहमीचा घंटेच्या आकाराचा कप संबंधाच्या वेळी काढावाच लागतो, जागाच तेवढी नसते. बशीसारखी चपटी, मऊ डिस्क मिळते, ती गर्भाशयाच्या तोंडाखाली आडवी बसते आणि बऱ्याच जोडप्यांना ती असताना अडचण येत नाही. मात्र दोन्हींपैकी कशानंच गर्भ राहायचा थांबत नाही, रोगापासूनही बचाव होत नाही. निरोधचं काम निरोधनंच करायचं. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, कारण काढताना ओढ बसून ती सरकू शकते. आणि "ह्यांना कळेल का?" याचं उत्तर: ह्यांना सांगावं. चार दिवस बाजूला बसवायची रीत बऱ्याच घरांतून गेली, पण न बोलायची रीत अजून घरोघर आहे. त्या दिवसांत नको वाटत असेल तर तसं सांगावं, हवं वाटत असेल तर तेही. बाकी जवळीक म्हणजे तेवढंच असं नाही. कंबर चेपून घेणं, एका चादरीत गप्पा मारत पडणं, यात कप कुणाच्या मध्ये येत नाही. उलट रात्री उठून चादरीवर डाग शोधायचं काम वाचतं, आणि चादरीच्या डागाचं दुःख सोलापूरकरांइतकं कुणाला कळणार!

ज्यांना बोट आत घालायची कल्पनाच नको वाटते त्यांनी खुशाल पॅड वापरावं, कुणाचं ऐकू नये, माझंही. बाकीच्यांनी पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी, घरी, नखं कापून, हात धुऊन बघावं. पहिल्या दोन-तीन पाळ्या चुकतमाकत जातात. तोवर पर्समध्ये एक पॅड असू द्या.