सोळा अधिक आणि आमची माय

‘मानवत मर्डर्स’ ही वेब मालिका ऑक्टोबर 2024 मध्ये सोनी लिव्हवर आली, तेव्हा आमच्या गल्लीत दुःख कुणालाच झालं नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांना जिल्ह्यातले खूनही मिरवायला चालतात. फक्त ते शोधायला आशुतोष गोवारीकर यावे लागतात. आमच्या घरात मात्र वेगळाच पेच पडला. नववीतल्या पोरीला हे दाखवावं का?

अशा वेळी सरकार कामाला येत नाही. थिएटरातल्या सिनेमासाठी सेन्सॉर बोर्ड आहे. 2023 च्या कायद्यानं तर ‘यूए’मध्येही 7, 13 आणि 16 अधिक असे प्रकार पाडले, कृषी विद्यापीठानं सोयाबीनचे वाण काढावेत तसे. वेब मालिकेचं वय मात्र 2021 च्या नियमांनुसार दाखवणारी कंपनीच ठरवते. म्हणजे आपल्याच पोराचा दाखला आपणच लिहायचा.

म्हणून घरचं बोर्ड बसलं. बायकोला रक्ताचं काही नव्हतं. “खून होऊ द्या हो,” ती म्हणाली, “पण मधीच नको ते आलं तर रिमोट कुणाच्या हातात राहील, ते आधी ठरवा.” दाजी म्हणाले, “आधी आपण मोठी माणसं बघू, मग ठरवू.” दाजी पंचायत समितीत आहेत, पाहणीशिवाय ते काहीच मंजूर करत नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर पाहणी सुरू झाली आणि दुसऱ्या भागानंतर दाजींनी मुक्काम जाहीर केला. त्यांचं घर मागच्याच गल्लीत आहे. पण बहिणीचा नवरा; “भ्यायलात का?” असं विचारता येत नाही.

सकाळी अहवालावर चर्चा चालू असताना माय चहा घेऊन आली. माय माहेरची मानवतची. बहात्तरला ती 13 वर्षांची होती. एकीकडं दुष्काळ, दुसरीकडं हे खून. दिवस मावळायच्या आत पोरीबाळी घरात कोंडल्या जायच्या. त्याच साली मुंबईत ‘सखाराम बाइंडर’ नाटकाला कात्री लावायला मंडळ होतं. मानवतच्या पोरींना ऐकू येणाऱ्या गोष्टींना कोण लावणार?

“काय ठरवायलात रे तिघं?” मायनं विचारलं.

“पोरीला दाखवावं का नाही, ते.”

“तिला काय दाखवायलास! दुसरीत होती तवाच सगळं सांगितलंय मी. तिचा बापबी तेच ऐकून झोपायचा.”

हे खरं आहे. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया असंच झोपवतात.

पोरगी दारात उभी होती. त्या गेलेल्यांत तिच्याहून लहान लेकरंही होती, हे तिला माहीत होतं. तिनं एवढंच विचारलं, “बळी दिला की गुप्तधन निघतं, हे मोठ्या माणसांना खरंच वाटलं होतं?”

बोर्डाकडं उत्तर नव्हतं. अंगणात दाजींच्या नव्या गाडीला ताजी लिंबू-मिरची लटकत होती.

“जाऊ द्या,” दाजी घाईनं म्हणाले, “लेकरांसोबत काहीतरी जुनं, साधं बघावं. अमोल पालेकरचं वगैरे.”

पालेकरांनी दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा काढला तो 1981 चा ‘आक्रीत’. पटकथा विजय तेंडुलकरांची, बेतलेला मानवतच्याच खुनांवर, आणि पडद्यावर स्वतः पालेकरही आहेत.

“त्यांचा पहिलाच शोधा, दाजी,” मी म्हणालो.